नोटपेट्या: ७४ दिवस आणि एक दुपार

१४ एप्रिल २०१७. हल्ल्याच्या ७४ दिवस आधी

युक्रेनमधल्या हिशेबनिसांच्या संगणकावर त्या वर्षी एक प्रोग्रॅम हमखास सापडायचा. त्याचं नाव एम.ई.डॉक. आपल्याकडे किराणा दुकानापासून कारखान्यापर्यंत टॅली दिसतं, तसा. करविवरणपत्रं भरायची, सरकारी खात्यांना अहवाल द्यायचे, कंपन्यांनी एकमेकींना बिलं पाठवायची, हे सगळं त्यातून चालायचं. देशातल्या साधारण ८० टक्के कंपन्या तो वापरत आणि जवळपास १० लाख संगणकांवर तो बसवलेला होता. बनवणारी कंपनी कीव्हमधली, इंटेलेक्ट सर्व्हिस नावाची, एका कुटुंबाने उभी केलेली.

१४ एप्रिलला या कंपनीच्या सर्व्हरवरून अपडेट निघालं. आवृत्ती १०.०१.१७५ होती, ती १०.०१.१७६ झाली. कर भरणाऱ्या प्रोग्रॅमला अपडेट सतत येतात, कारण नियम बदलतात, फॉर्म बदलतात. हिशेबनिसांनी ते घेतलं. घेतलं नसतं तर विवरणपत्रं अडली असती.

या अपडेटमधल्या साधारण पाच एमबीच्या एका डीएलएल फाइलमध्ये कंपनीच्या खऱ्या कोडच्या मधोमध परक्याचा कोड शिवलेला होता. पुढे ईसेट या स्लोव्हाकियातल्या कंपनीचे संशोधक अँटन चेरेपानोव्ह यांनी ही फाइल उलगडली, तेव्हा त्यांनी स्पष्टच लिहिलं की मूळ सोर्स कोड हाती असल्याखेरीज असं काम जमणं कठीण आहे. म्हणजे हल्लेखोर कंपनीच्या आत त्याआधीच पोचलेले होते.

बॅकडोअर म्हणतात तो हा. विषाणू आला की संगणक कण्हतो, मंदावतो, काहीतरी बिघडल्याचं कळतं. बॅकडोअर यातलं काहीच करत नाही. तो गप्प बसून राहतो, ठरलेल्या वेळाने बाहेर विचारतो की माझ्यासाठी काही हुकूम आहे का, आणि हुकूम आला की पाळतो. या बॅकडोअरला सहा हुकूम कळत होते. विंडोजची कोणतीही आज्ञा चालवणं, पाठवलेला मजकूर फाइल म्हणून साठवणं, त्या संगणकावरची हवी ती फाइल बाहेर धाडणं, पाठवलेला प्रोग्रॅम सुरू करणं. आणखी एक हुकूम माहिती गोळा करण्याचा होता: विंडोज कोणतं आहे, वापरणाऱ्याला किती अधिकार आहेत, प्रॉक्सीचे तपशील, ईमेलचं लॉगिन आणि पासवर्ड. सहावा हुकूम, ऑटोपेलोड, पुढे येईल.

त्याची सगळ्यात धूर्त गोष्ट म्हणजे त्याचा बाहेरचा रस्ता. असा मालवेअर पकडायची नेहमीची रीत अशी की तो ज्या अनोळखी पत्त्याशी बोलतो तो पत्ता शोधायचा आणि फायरवॉलवर अडवायचा. इथे अनोळखी पत्ताच नव्हता. एम.ई.डॉक रोज आपल्याच कंपनीच्या सर्व्हरला विचारायचं की नवं अपडेट आहे का. बॅकडोअर आपला निरोप त्याच विचारणीच्या कुकीमध्ये टाकायचा आणि उत्तरही त्याच वाटेने घ्यायचा. बँकेतला सर्वांत दक्ष माणूस जरी ती ये-जा पाहत बसला असता, तरी त्याला दिसलं असतं ते एवढंच: हिशेबाचा प्रोग्रॅम आपल्या हक्काच्या घरी फोन करतो आहे.

त्या निरोपात एक क्रमांक जायचा. युक्रेनमध्ये नोंदलेल्या प्रत्येक संस्थेला सरकार एक कायमचा क्रमांक देतं, ईडीआरपीओयू. करविवरणपत्रावर तो लागतोच, म्हणून एम.ई.डॉकमध्ये तो असतोच. बॅकडोअर तो उचलायचा. त्यामुळे दूर बसलेल्या माणसाला फक्त आयपी पत्त्यांची यादी दिसत नव्हती. हा संगणक अमुक बँकेचा, तो तमक्या रुग्णालयाचा, पलीकडचा विमानतळाचा, इतकं नेमकं त्याला कळत होतं. पुढचं सगळं वाचताना हा क्रमांक लक्षात असू द्यावा. या साऱ्या प्रकरणाकडे मी त्या क्रमांकातूनच पाहतो.

त्याच १४ एप्रिलला शॅडो ब्रोकर्स म्हणवणाऱ्या टोळीने अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडून चोरलेली हत्यारं इंटरनेटवर उघडी टाकली. त्यातल्या एकाचं नाव इटर्नलब्लू. विंडोजमध्ये फाइली वाटून घेण्याची जी सोय आहे, तिच्यातल्या एका भेगेतून ते आत शिरायचं. मायक्रोसॉफ्टने ती भेग बुजवणारा पॅच महिनाभर आधी, १४ मार्चलाच दिला होता. तो बसवायला जगभरच्या कचेऱ्यांना सवड झालेली नव्हती.

१५ मे. ४३ दिवस आधी

बॅकडोअर असलेलं दुसरं अपडेट. तीनच दिवसांपूर्वी वॉनाक्राय या खंडणीखोर मालवेअरने ब्रिटनमधली रुग्णालयं बंद पाडली होती आणि सगळ्या जगाचे डोळे तिकडे होते. मधल्या काळात आलेली एम.ई.डॉकची अनेक अपडेट स्वच्छ होती. बॅकडोअर काहींत असायचा, काहींत नसायचा.

१८ मे. ४० दिवस आधी

या घटनाक्रमातला मला सर्वांत टोचणारा दिवस हा आहे. बॅकडोअर घालणाऱ्यांनी त्यातून एक्सडेटा नावाचं खंडणीखोर मालवेअर सोडलं. पण आदल्या दिवशी, १७ मेला, कंपनीने एक स्वच्छ अपडेट पाठवलं होतं आणि बऱ्याच जणांनी ते घेतलं होतं. ईसेटचा निष्कर्ष असा की हल्लेखोरांना या अपडेटची अपेक्षा नव्हती. बहुतेक संगणकांवरचा बॅकडोअर आदल्या दिवशीच आपसूक निघून गेला होता, त्यामुळे एक्सडेटा फार पसरलं नाही.

फार पसरलं नाही म्हणून फार खोल शोधही झाला नाही. ते आत कुठून आलं, हा प्रश्न शेवटापर्यंत लावून धरला असता तर माग काढणारा थेट एम.ई.डॉकच्या अपडेट सर्व्हरपाशी येऊन थांबला असता. हाताशी ४० दिवस होते. फसलेला हल्ला म्हणजे आतल्या वाटेचा पुरावा असतो, आणि तो पुरावा त्या दिवशी युक्रेनच्या हातात पडला होता.

३१ मे. २७ दिवस आधी

एम.ई.डॉकच्या वेब सर्व्हरवर एक वेबशेल सापडला, तो याच तारखेचा. वेबशेल म्हणजे वेबपानासारखी दिसणारी छोटी पीएचपी फाइल, जिच्यातून ब्राउझरमध्ये बसल्या बसल्या सर्व्हरवर हुकूम चालवता येतात. थोडक्यात, ग्राहकांच्या घरात जसा बॅकडोअर होता, तसाच एक बनवणाऱ्याच्या घरातही होता.

२२ जून. ५ दिवस आधी

तिसरं आणि शेवटचं दूषित अपडेट, १०.०१.१८९. या वेळी मध्ये कोणतंही स्वच्छ अपडेट आलं नाही.

२७ जून, मंगळवार. सकाळ

दुसऱ्या दिवशी युक्रेनचा संविधान दिन, सार्वजनिक सुट्टी. अनेक जण आधीच गावाला निघालेले. सकाळी कीव्हमध्ये लष्करी गुप्तचर खात्याचे कर्नल माक्सिम शापोवाल यांची गाडी बॉम्बने उडवली गेली आणि त्यात ते ठार झाले. रशियाशी पूर्वेकडे चाललेलं युद्ध चौथ्या वर्षात होतं. पोलिसांचं आणि वार्ताहरांचं लक्ष त्या जळलेल्या गाडीकडे लागलेलं होतं.

सकाळी ११.५९ (भारतात दुपारचे २.२९)

एम.ई.डॉकच्या सर्व्हरवर कुणीतरी लॉगिन केलं. नाव आणि पासवर्ड तिथल्याच एका अॅडमिनिस्ट्रेटरचे, चोरलेले. आत येताच त्याने सर्वोच्च अधिकार घेतले आणि एंजिनेक्स या वेब सर्व्हरची सेटिंगची फाइल उघडली. बदल छोटा होता. अपडेट विचारायला जी रहदारी येईल ती आता परस्पर फ्रान्समधल्या ओव्हीएच कंपनीच्या जाळ्यावरच्या दुसऱ्याच एका सर्व्हरकडे वळणार होती. तो सर्व्हर हल्लेखोरांचा.

एवढ्याने देशभरच्या बॅकडोअरांचा लगाम त्यांच्या हातात आला. आजवर बॅकडोअर विचारत होते, 'काही हुकूम?' आता पुन्हा उत्तर देणारं कुणीतरी पलीकडे बसलं होतं.

दुपारी १२.१२ (भारतात २.४२)

एम.ई.डॉकच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये चुकीची पहिली नोंद उमटली: पलीकडच्या सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही. देशभरातून येणाऱ्या विचारण्यांपैकी काही त्या परक्या सर्व्हरला पेलेनात, आणि प्रत्येक न पेललेल्या विचारणीमागे एक ओळ लिहिली जात होती. पुढच्या सव्वातीन तासांत अशा हजारो ओळी साचल्या. त्या वाचायला त्या वेळी कुणी बसलेलं नव्हतं.

दुपारी १.३० च्या सुमारास

एम.ई.डॉकचा मुख्य प्रोग्रॅम, इझेडव्हिट.ईएक्सई, विंडोजच्या रनडीएलएल३२ या सोयीला एक फाइल चालवायला सांगताना मायक्रोसॉफ्टच्या नोंदींत दिसला. फाइलचं नाव परफसी.डॅट, आज्ञेच्या शेवटी एक आकडा: ३०. हा तो सहावा हुकूम, ऑटोपेलोड. डीएलएल उतरव, चालव, आणि मग मूळ फाइलवर भलतंच लिहून ती पुसून टाक.

त्या फाइलला पुढे नोटपेट्या हे नाव पडलं, कारण ती वरवर पेट्या या जुन्या खंडणीखोर मालवेअरसारखी दिसत होती, पण पेट्या नव्हती.

पहिल्या संगणकात शिरल्यावर ती फाइल घाई करत नाही. आधी ती त्या संगणकाच्या स्मृतीतून तिथे लॉगिन केलेल्या सगळ्यांचे पासवर्ड खरवडून काढते. मिमिकॅट्झ नावाचं एक जुनं हत्यार आहे, त्याच धर्तीवर. मग कार्यालयाच्या जाळ्यात शेजारी कोण कोण आहे ते पाहते. हाती आलेले पासवर्ड घेऊन ती पीएसएक्झेक आणि डब्ल्यूएमआय या वाटांनी शेजाऱ्याकडे जाते. या दोन्ही वाटा आयटीची माणसं रोज वापरतात, त्यामुळे अँटिव्हायरसला त्यात वावगं काही दिसत नाही. जिथे पासवर्ड चालत नाही तिथे इटर्नलब्लू.

ही जोडी घातक ठरण्याचं कारण असं. तुमच्या कचेरीत शंभरपैकी नव्याण्णव संगणकांवर पॅच बसवलेला असला आणि एकच राहिला असला, तरी नोटपेट्या त्या एकात भेगेतून शिरे, तिथे लॉगिन केलेल्या अॅडमिनचा पासवर्ड उचले, आणि मग उरलेल्या नव्याण्णवांत पुढच्या दारातून, किल्ली लावून जाई. पॅच बसवणाऱ्यांनी आपलं काम चोख केलेलं असूनही त्यांचे संगणक गेले.

दहा ते साठ मिनिटांत संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होई. काळ्या पडद्यावर डिस्क तपासण्याचा नेहमीचा मजकूर येई: दुरुस्ती चालू आहे, संगणक बंद करू नका, केलात तर सगळा डेटा जाईल. तो मजकूर खोटा होता. त्याच्या आड डिस्कवरची मुख्य अनुक्रमणिका, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची वही, कुलूपबंद होत होती. त्या क्षणी वीज तोडणाऱ्याचं काही वाचण्याची शक्यता होती. सूचना पाळणाऱ्या सज्जन माणसाचं गेलं. मग लाल अक्षरं: ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये भरा.

भरूनही उपयोग नव्हता. पडद्यावर जो ओळखक्रमांक दिसे तो अक्षरांचा निव्वळ यादृच्छिक गुंता होता, त्यातून कोणतीही किल्ली काढता येणार नव्हती. खंडणीखोराला पैसे हवे असतात, म्हणून तो कुलूप उघडण्याची सोय ठेवतो. इथे तशी सोय बनवलेलीच नव्हती. ज्या जर्मन ईमेल सेवेचा पत्ता दिला होता तिने तो त्याच दिवशी बंद केला, पण तो चालू असता तरी फरक पडला नसता.

दुपार

 युक्रेनमधल्या एका मोठ्या बँकेचं जाळं पडायला ४५ सेकंद लागले. एका मोठ्या वाहतूक केंद्राच्या जाळ्याचा एक भाग १६ सेकंदांत गेला. माणसाने फोन उचलून 'वायर काढ' असं ओरडायलाही याहून जास्त वेळ लागतो.

बँका पडल्या, एकूण बावीसहून अधिक. एटीएम थांबली, कीव्हच्या मेट्रोत कार्डं चालेनाशी झाली. बोरिस्पिल विमानतळ, टपाल, वीज कंपन्या. उपपंतप्रधान पाव्लो रोझेन्को यांनी आपल्या कार्यालयातल्या संगणकाच्या काळ्या पडद्याचा फोटो ट्विटरवर टाकला. चेर्नोबिलमध्ये किरणोत्सर्ग मोजणारी विंडोजवरची यंत्रणा बंद झाली आणि कर्मचारी हातात यंत्रं घेऊन मोजमाप करू लागले. एकट्या कीव्हमध्ये चार रुग्णालयं सापडली. नंतरच्या एका सरकारी अंदाजानुसार देशातल्या दर दहा संगणकांपैकी एक पुसला गेला.

इथे ईडीआरपीओयू पुन्हा आठवावा. हल्लेखोरांच्या हातात यादी होती. कोणत्या क्रमांकामागे रुग्णालय आहे हे त्यांना एका ओळीत वगळता आलं असतं. हवं तर फक्त संरक्षण खातं निवडता आलं असतं, फक्त वीज निवडता आली असती. बॅकडोअरची रचनाच अशी नेमकी निवड करण्यासाठी झालेली होती. दोन महिन्यांहून जास्त काळ ते घराघराची ओळख करून घेत होते, आणि शेवटी त्यांनी ती ओळख बाजूला ठेवून सगळी घरं एकदम पेटवली. हे अनवधानाने झालेलं नाही. म्हणूनच 'हाताबाहेर गेलेला हल्ला' हे त्याचं जे वर्णन अनेकदा केलं जातं, ते मला मान्य नाही. नंतर तो कुठवर पोचेल हे कदाचित त्यांना ठाऊक नसेल, पण दार कुणाकुणाचं उघडतो आहोत हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

त्याच दुपारी, कोपनहेगन

नोटपेट्या इंटरनेटवर भटकत नव्हता, तो जाळ्यातल्या जाळ्यात फिरायचा. पण बहुराष्ट्रीय कंपनीचं जाळं देशाच्या सीमेवर थांबत नाही. मर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी. तेव्हा ७६ बंदरांत टर्मिनलं, सुमारे ८०० जहाजं, जगाच्या सागरी मालवाहतुकीच्या क्षमतेचा जवळपास पाचवा हिस्सा. तिच्या ओडेसातल्या कार्यालयात एका अर्थ अधिकाऱ्याने आयटीवाल्यांना सांगून एका संगणकावर एम.ई.डॉक बसवून घेतलं होतं. एका संगणकावर. युक्रेनमध्ये धंदा करायचा तर कर भरावा लागतो, त्यात त्या माणसाचं काहीही चुकलं नाही.

मुख्यालयात रांगेने पडदे काळे होत गेले. माणसं बैठका मोडत, दालनादालनांत धावत वायरी उपटत होती. कार्डाने उघडणारी फाटकं बंद पडली होती, त्यावरून उड्या मारून लोक पलीकडे जात होते. सगळं जागतिक जाळं तोडायला दोन तासांहून अधिक लागले. तोवर फोनसुद्धा मुके झाले होते.

दुपारी ३.३१ (भारतात संध्याकाळी ६.०१)

एम.ई.डॉकच्या लॉगमधली चुकीची शेवटची नोंद. ३.३३ ला एंजिनेक्सची फाइल पूर्ववत झाली, हल्लेखोरांनी स्वतःच बदललेली. ५.११ ला लॅटव्हियातला एक पत्ता सर्व्हरवरून बाहेर पडला. ३.३१ नंतर कोणत्याही नव्या संस्थेत नोटपेट्या उतरलेला सिस्कोच्या तालोस या संशोधन गटाला आढळला नाही. ज्यांच्याकडे शिरला होता, त्यांच्या जाळ्यांत तो चालत राहिला.

रात्र, न्हावा शेवा

उरणजवळचं जवाहरलाल नेहरू बंदर हे तेव्हा देशातलं सर्वांत मोठं कंटेनर बंदर होतं. तिथलं एक टर्मिनल, गेटवे टर्मिनल्स इंडिया, मर्स्क समूहाचीच एपीएम टर्मिनल्स चालवते. तेव्हाची क्षमता वर्षाला १८ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या हिशेबात. त्या रात्री त्याची संगणक यंत्रणा बंद पडली.

टर्मिनल संगणकाविना म्हणजे काय, हे बंदराजवळ राहणाऱ्यालाच नीट कळतं. यार्डात कंटेनर एकावर एक रचलेले असतात. त्यातला नेमका कोणता कुठल्या थरात आहे, कोणता उद्याच्या जहाजावर चढायचा आहे, कोणत्यात शीतपेटी चालू राहायला हवी, हे कुणाच्याही डोक्यात नसतं, ते यंत्रणेत असतं. आरटीजी क्रेनवरच्या चालकाला पुढचं काम पडद्यावर दिसतं. फाटकावर आलेल्या ट्रेलरचा फॉर्म १३ यंत्रणेत जुळला तर तो आत जातो. यंत्रणा गेली की हजारो सारखे लोखंडी डबे उरतात आणि कुणाचा कोणता ते सांगता येत नाही. टर्मिनल हाताने काम करू लागलं. केंद्रीय जहाजवाहतूक मंत्रालयाला दुसऱ्याच दिवशी निवेदन काढावं लागलं, की आत येणारे आणि बाहेर जाणारे कंटेनर तुंबण्याची शक्यता आहे. अडकलेल्या मालासाठी वाहनतळाची जागा शोधावी लागली.

मर्स्कची अशी १७ टर्मिनलं एकाच वेळी अडली: न्यू जर्सीतलं एलिझाबेथ, लॉस एंजेलिस, रॉटरडॅम, आणि हे आपलं. न्हावा शेव्याच्या फाटकावर रांगेत थांबलेल्या ट्रेलरवाल्याचा युक्रेनच्या करखात्याशी काय संबंध? त्या ७४ दिवसांत हा प्रश्न कुणी विचारलाही नसता.

रात्री १०.४६ (भारतात २८ जून, १.१६)

ओव्हीएचच्या जाळ्यावरचा हल्लेखोरांचा सर्व्हर पूर्ण पुसला गेला. स्वतःचं घर त्यांनी धुऊन काढलं. एम.ई.डॉकच्या सर्व्हरवरच्या त्या हजारो चुकीच्या ओळी मात्र तशाच राहिल्या. तालोसची माणसं दोनच दिवसांत कीव्हला कंपनीच्या मदतीला पोचली आणि त्यांनी त्या ओळी वाचल्या. वर दिलेल्या सर्व्हरवरच्या वेळा तिथून आल्या.

पुढचे दिवस

मर्स्कमध्ये सर्वांत मोठी धास्ती डोमेन कंट्रोलरची होती. कंपनीच्या जाळ्यात कोण कुठे जाऊ शकतो याचा नकाशा ज्यात असतो, ते हे सर्व्हर. जगभर मिळून दीडशेच्या आसपास होते आणि प्रत्येक जण बाकीच्यांची प्रत ठेवत असे, म्हणून वेगळा बॅकअप घेतलेला नव्हता. सगळे एकाच दिवशी जातील असं गणित कुणी मांडलं नव्हतं. सगळे गेले.

एक सोडून. घानातल्या कार्यालयात हल्ल्याच्या आधी वीज गेली होती, त्यामुळे तिथला कंट्रोलर जाळ्यापासून तुटून बंद पडला होता. वीज जाण्याने कुणाचं भलं झाल्याची इतकी मोठी गोष्ट मला दुसरी माहीत नाही. यंत्रणा पुन्हा उभारण्याचं काम इंग्लंडमध्ये चाललं होतं. तो डेटा नेटवरून तिकडे पाठवायचा तर तिथली लाइन इतकी बारीक की कित्येक दिवस लागले असते. विमानाने न्यायचा तर घानातल्या कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. अखेर घानाचा एक कर्मचारी हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, विमानतळावर दुसऱ्याच्या हाती दिली, आणि तो ती घेऊन लंडनला उतरला. मर्स्कचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी पुढे दावोसमध्ये सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले गेले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर.

औषधं बनवणाऱ्या मर्कचं ८७ कोटी डॉलर. फेडेक्सच्या युरोपातल्या टीएनटीचं सुमारे ४० कोटी. व्हाइट हाउसच्या अंदाजाने जगभरचं मिळून हजार कोटी डॉलरहून जास्त. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात हेरिटेज व्हॅली या रुग्णालय समूहाला रुग्णांच्या याद्या, जुने तपास, प्रयोगशाळेचे अहवाल दिसेनासे झाले. हृदयरोग, क्ष-किरण, शस्त्रक्रिया यांच्या यंत्रणा साधारण आठवडाभर बंद होत्या, कार्यालयीन कामकाजाच्या महिनाभर.

४ जुलैला युक्रेनच्या सायबर पोलिसांनी कीव्हमध्ये कंपनीवर धाड घालून सर्व्हर जप्त केले. त्याच दिवशी ईसेटने बॅकडोअरचं पूर्ण विच्छेदन प्रसिद्ध केलं. तालोसने दुसऱ्या दिवशी आपला अहवाल दिला, आणि त्यात एक निरीक्षण होतं जे वाचून झोप उडावी. युक्रेनमधल्या ८० टक्के कंपन्यांमध्ये हवा तो कोड चालवण्याची ताकद हल्लेखोरांनी एका दुपारीत जाळून टाकली. तशीच दुसरी वाट हाताशी असल्याखेरीज, किंवा सहज मिळेल याची खात्री असल्याखेरीज, कुणी इतकं मौल्यवान दार असं संपवत नाही.

१९ ऑक्टोबर २०२० ला अमेरिकेच्या न्याय खात्याने रशियाच्या जीआरयू या लष्करी गुप्तचर संस्थेच्या सहा अधिकाऱ्यांवरचं आरोपपत्र जाहीर केलं. सगळे एकाच तुकडीतले, क्रमांक ७४४५५, सायबर जगात सँडवर्म नावाने ओळखली जाणारी. त्यांची नावं आणि छायाचित्रं जाहीर झाली. ते रशियाबाहेर पडल्याशिवाय त्यांना अटक होणं शक्य नाही. या आरोपपत्राला दोन महिने होत नाहीत तोच अमेरिकेत सोलरविंड्स कंपनीच्या ओरायन या प्रोग्रॅमच्या अपडेटमध्ये बॅकडोअर सापडला. त्यामागे रशियाची दुसरी गुप्तचर संस्था असल्याचा ठपका आला. ते दूषित अपडेट जास्तीत जास्त १८,००० ग्राहकांपर्यंत पोचलं होतं आणि महिनोन्महिने आत राहिलं होतं. अमेरिकेची कित्येक सरकारी खाती त्या यादीत होती.